रुईची गाठ

हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात, ऐन हंगामात, कापसाच्या गंज्यांमधून वाट काढीत दाबयंत्रापाशी जाऊन उभे राहिले म्हणजे, पदार्थाला आकुंचित करण्यामागे मनुष्याने किती विचार वेचला आहे याची प्रचीती येते. रेच्यांतून सरकी वेगळी होऊन आलेली रुई थराथराने पेटीत पडते, तुडविली जाते, आणि मुकादमाची खूण होताच दट्ट्या संथपणे चालू लागतो. त्यासरशी तंतूंच्या पोटी दडलेली हवा पांढरी धूळ घेऊन फटीफटींतून बाहेर पडते. दाब कायम असतानाच मजूर चपळाईने पट्ट्या आवळतात, कारण रुईचा स्वभाव उसळून येण्याचा असून, बंधनापूर्वी दाब सुटला तर सारा खटाटोप व्यर्थ जावयाचा. मग 170 किलोंची गाठ काट्यावर चढते, तिचा क्रमांक दप्तरात दाखल होतो. पूर्वी ती 392 पौंडांची असे, व अशा दोन गाठींची एक खंडी होई.

एके काळी वऱ्हाडची सैल रुई बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1867 मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली, वाफेची दाबयंत्रे आली, आणि आगबोटीत जागेचे भाडे मोजणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला घट्ट गाठीचे मोल कळले.

आकुंचनाच्या इतर रीती मात्र निराळ्या. डिझेल इंजिनात हवेला निसटण्यास वाव नसतो. सुमारे पंधरा ते वीस पटींनी आकुंचन पावून ती इतकी तापते की ठिणगीवाचून इंधन पेटते. रुईच्या पेटीत मात्र हवेला बाहेर पडण्याची मुभा असते. संगणकातील मजकूर पुनरुक्ती वगळून लहान करतात, व तो पुढे अक्षरशः जसाच्या तसा उलगडतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र बहुधा बारकाव्यांवरच पाणी सोडावे लागते. या साऱ्यांत रुईची रीत मला अधिक सोज्वळ वाटते, कारण तीत जाते ती केवळ हवा, तंतू शाबूत राहतो.

अर्थात रुई ओली नसली तरच. दमट रुई बांधली तर ती आतल्या आत तापून पिवळी पडते. सरकी चिरडली गेली तर तिच्या तेलाचा डाग तंतूला लागतो. म्हणूनच जाणता प्रतवारीदार मूठभर रुई दाबून, सोडून, निरखून पाहिल्यावरच ती पेटीकडे धाडण्यास मंजुरी देतो; आणि गिरणीतही पट्ट्या कापल्यावर रुई लगेच यंत्रात न घालता, फुलून सैल होण्यासाठी काही काळ तशीच ठेवतात.