पाठलाग : वाटेवरचा व पडद्यावरचा

स्त्रियांस उच्च शिक्षण मिळावें म्हणून १९१६ सालीं पुण्यास ज्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, ते महर्षि धोंडो केशव कर्वे रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवचे. त्याच जिल्ह्यांत आज लांजा, संगमेश्वर, राजापूर येथून मुली सकाळच्या एस्. टी.नें रत्नागिरीस शिकावयास येतात. अशा एखादीच्या मागें कोणी रोज येऊं लागतो. नकार ऐकूनहि मोबाईलवर संदेश धाडतो. अखेर छायाचित्र पसरविण्याची धमकी देतो. मुलगी हें घरीं सांगत नाहीं, कारण उत्तर ठरलेलें असतें : "पुरे झालें कॉलेज!" अपराध दुसऱ्याचा, शिक्षण मात्र तिचें सुटतें.

रस्त्यावर अंगचटीस येणें तेवढा गुन्हा आणि मोबाईलवरची ती थट्टा, अशी पुष्कळ तरुणांची समजूत असते. कायदा असा भेद करीत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत, स्त्रीनें स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यावरहि वारंवार मागें जाऊन संपर्क साधणें आणि तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणें, हीं एकाच अपराधाचीं रूपें मानलीं आहेत. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ७७ वें कलम त्याहून सूक्ष्म आहे. खासगी छायाचित्र काढूं दिलें, एवढ्यानें तें तिऱ्हाइतास दाखविण्याची संमति मिळत नाहीं. थट्टा आणि उपद्रव यांत अंतर आहे तें या संमतीचेंच. आणि एका गोष्टीची संमति दुसरीस लागू पडत नाहीं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयांत अंतर्गत तक्रार समिति असलीच पाहिजे. ज्येष्ठ प्राध्यापिका तिची अध्यक्ष असते. प्रकरण विद्यार्थ्यांचें असल्यास तीन विद्यार्थी-प्रतिनिधीहि तींत बसतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आंत लेखी तक्रार द्यावयाची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची. त्रासदायक संदेश संतापानें पुसून टाकूं नयेत; पुरावा तोच असतो.

परंतु समितीची पाटी भिंतीवर लागली, एवढ्यानें मुलीस धीर येत नाहीं. तो घरांतून यावा लागतो. मुलास "नाहीं" हा शब्द ऐकून मागें फिरण्याचें वळणहि घरांतच लागतें. "तूं काय केलेंस?" असें न विचारतां "त्यानें काय केलें?" असें जेथें विचारलें जाईल, त्या घरची मुलगी दुसऱ्या दिवशीं पुनः एस्. टी.त बसेल.