रुपयाचा विमा गेला, आता हिशेब करून हप्ता भरा

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या भावाखालोखाल सध्या कशाची चर्चा असेल, तर ती विम्याची. "रुपयात होत होता, आता हजारात गेला. भरायचा का सोडायचा?" असा सरळ प्रश्न लोक विचारतात. उत्तर मात्र तितके सरळ नाही. भरा म्हणणारे कोणत्या पिकाचा भरा ते सांगत नाहीत, आणि सोडा म्हणणारे पाणी रानात शिरल्यावर दिसत नाहीत.

आधी झाले काय ते बघू. पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याचा वाटा ठरलेला होता. खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना ५ टक्के. कंपनीचा प्रत्यक्ष दर यापेक्षा कमी निघाला तर तो कमी दर. उरलेला भार केंद्र व राज्य सरकारने उचलायचा. खरीप २०२३ पासून राज्याने शेतकऱ्याचा हा वाटाही स्वतःकडे घेतला आणि अर्जाला फक्त १ रुपया ठेवला. त्या खरिपात अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेली. आदल्या वर्षी ती एक कोटीच्याही आत होती. आता एका वर्षात एवढी शेती काही वाढली नव्हती! सरकारी पड जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या गटावर विमे उतरवल्याची प्रकरणे निघाली. शेवटी २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यात राज्याने रुपयाची योजना बंद केली आणि खरीप २०२५ पासून जुने दोन, दीड, पाच टक्के परत आले. चोरी केली कोणी आणि भुर्दंड बसला कोणाला, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

खिशाला याचा फटका किती, ते उदाहरणाने पाहा. समजा तुमचा कापूस चार एकर, म्हणजे १.६ हेक्टर आहे. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार धरली, तर ५ टक्क्यांनी हेक्टरी २,५०० आणि चार एकराचे ४,००० रुपये झाले. अडीच एकर मका त्याच रकमेला धरली, तर २ टक्क्यांनी १,०००. एक एकर कांदा हेक्टरी ६० हजाराला धरला, तर १,२००. बेरीज ६,२०० रुपये. पूर्वी हेच काम तीन अर्जांना तीन रुपयांत होत होते. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्ष विमा रक्कम व दर जिल्ह्यागणिक वेगळे असतात, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण हा खर्च पेरणीच्या, खताच्या ऐन घाईत येतो, ही खरी अडचण आहे.

हप्ता वाढला ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी अनेकांच्या ध्यानातच आलेली नाही, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची. पूर्वी गारपीट झाली, ओढ्याचे पाणी शिरले, तर ७२ तासांत कळवून एकट्या शेतकऱ्यालाही भरपाई मागता येत होती. पेरणीच झाली नाही, हंगामाच्या मध्येच पीक गेले, कापणी करून रानात वाळत घातलेला माल भिजला, यालाही संरक्षण होते. खरीप २०२५ पासून राज्याने ही जोड-संरक्षणे काढून घेतली आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठेवली. म्हणजे तुमच्या एकट्याच्या रानात शिवनेचे पाणी उभे राहिले आणि बाकीच्या महसूल मंडळात पीक बरे आले, तर विम्याकडून तुम्हाला काही नाही. पैसे जास्त आणि छत्री लहान, असा हा सौदा झाला.

भरपाईचे गणित एकदा नीट समजून घ्या. मंडळातल्या मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात. तिच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा कापसाची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे, तर उंबरठा ७ क्विंटल. यंदा मंडळात साडेसात क्विंटल निघाले, म्हणजे चौथाई पीक गेले, तरी भरपाई शून्य. ६ क्विंटल निघाले तर सातातला एक भाग बुडाला. ५० हजाराच्या सातव्या हिश्शाने हेक्टरी सुमारे ७,१४० रुपये. साडेतीनवर आले तर निम्मे, म्हणजे २५ हजार. यावरून एक गोष्ट उघड होते. हा विमा थोड्याफार घटीसाठी नाहीच. सगळा मुलूख बुडाला किंवा करपला तरच तो कामाला येतो.

तुमच्या गावाच्या नव्हे, सगळ्या मंडळाच्या पिकावर हिशेब करण्याची ही पद्धत कुठून आली, असे लोक रागाने विचारतात. ती आपल्याच माणसाची आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात ही क्षेत्र-पद्धत मांडली. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजत बसले तर खर्च हप्त्याच्या वर जाईल आणि लबाडीला वाव राहील, हा तिच्यामागचा विचार. १९८५ च्या सर्वंकष पीक विमा योजनेत ही पद्धत देशभर आली. विचार चुकीचा नव्हता. पण मंडळ मोठे, पाऊस शिवाराशिवारात वेगळा, आणि इथेच शेतकरी मरतो.

हप्ते वाढण्याचे हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असे समजू नका. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे समुद्रकाठचे राज्य आहे. तिथे १९९२ च्या ऑगस्टमध्ये 'अँड्र्यू' चक्रीवादळ आले आणि त्याच्या दाव्यांखाली अनेक विमा कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांनी घरांच्या विम्याचे हप्ते वाढवले, काही निघून गेल्या. शेवटी २००२ साली राज्याला स्वतःची विमा संस्था उभी करावी लागली. २०२२ च्या 'इयान' वादळानंतर पुन्हा तेच रडगाणे. तिथले घरमालक काय करतात? छपराला लोखंडी पट्ट्या मारून ते भिंतीला जखडतात, आणि मजबूत छपराला हप्त्यात सूट मिळते. दुसरे म्हणजे नुकसानीचा पहिला भाग स्वतः सोसायचे कबूल करतात. वादळापुरता हा भाग घराच्या विमा रकमेच्या २ ते १० टक्के असतो. जितके जास्त सोसाल तितका हप्ता कमी. लहान नुकसान आपले, मोठे कंपनीचे, असा तो व्यवहार.

हाच हिशेब आपल्या रानाला लावा. सगळ्या पिकांचा विमा उतरवणे परवडत नसेल तर सरसकट सोडू नका, निवड करा. ज्या पिकात पैसा जास्त गुंतला आहे आणि जे मंडळभर एकदम जाते, ते आधी धरा. २ टक्केवाले पीक स्वस्तात पडते, ते सहसा सोडू नये असे आम्हाला वाटते. ५ टक्केवाल्या पिकात मात्र मागचा इतिहास बघा: आपल्या मंडळात गेल्या सात-आठ वर्षांत त्या पिकाची भरपाई किती वेळा मिळाली? गावात हे सगळ्यांना तोंडपाठ असते. मोसंबीवाल्यांसाठी फळपीक विमा वेगळा आहे. त्यात भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या पाऊस-तापमानाच्या नोंदीवर ठरते. तेव्हा ते केंद्र चालू आहे ना, एवढे बहर धरण्याआधी बघून या.

कर्जदारांनी एक ध्यानात ठेवावे. २०२० च्या खरिपापासून विमा कर्जदारालाही ऐच्छिक आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावे लागते. नाही दिले तर हप्ता खात्यातून कापला जातो, मग भांडून उपयोग नाही. उलट बाजूने, बँकेने कापलाच असेल असे गृहीत धरून बसू नका, पावती मागा. सेवा केंद्रावर अर्ज भरण्याचे वेगळे पैसे देऊ नका. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये कंपनी देते. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला पाहिजे, आणि ई-पीक पाहणी झालीच पाहिजे. अर्जात कापूस आणि पाहणीत मका असे निघाले, तर हप्ता गेला समजा. तक्रारीसाठी १४४४७ हा क्रमांक आहे. आणि ही कलमे हंगामागणिक बदलू शकतात, म्हणून त्या हंगामाचा शासन निर्णय वाचूनच अर्ज भरा.

आता विम्याबाहेरची मदत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिले. त्या ऑक्टोबरात राज्याने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १० हजार जादा धरले. चांगले झाले. पण पॅकेज दर वर्षी येत नाही. नेहमीचा आधार म्हणजे आपत्ती निवारण निधी. त्याच्या २०२२ ते २०२६ च्या दरांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर. विम्याचा हप्ता भरला नाही तरी ही मदत मिळते, हे खरे. एकरी किती पडते ते तुम्हीच भागून पाहा.

घराचे तर कोणी बोलतच नाही. माळवदाची भिंत खचली, वादळाने पत्रे उडाले, की आपण तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघतो. त्याच दरांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये. तीन हजारांत गोठ्याचे पत्रे तरी येतात का? १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची घर विमा पॉलिसी ठेवणे बंधनकारक झाले आहे. पूर, वादळ, वीज, आग, भूकंप तिच्यात येतात. विमा जागेचा नव्हे, बांधकामाच्या खर्चाचा उतरवायचा असतो, म्हणून पक्क्या घराला हप्ता लोक समजतात तेवढा जड नसतो. मातीच्या घराचे मात्र आधी स्पष्ट विचारून घ्या. आणि विमा उतरवा न उतरवा, पावसाळ्याआधी पत्र्याचे हूक आवळा, पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागवू नका. जनावरांच्या विम्यात २०२४ पासून पशुपालकाचा वाटा १५ टक्के आहे, बाकी सरकार भरते. दुभती म्हैस दावणीला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कराच.

शेवटी गावकारभाऱ्यांना दोन शब्द. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. नावे मोठी झाली, काम तेच आहे. सगळी भरपाई कापणी प्रयोगावर आली असताना, मंडळातले दहाएक प्रयोग हजारो शेतकऱ्यांचे नशीब ठरवतात. कापूस-सोयाबीनला उपग्रहाचा अंदाजही जोडला जातो, पण वजनकाटा अजून रानातच लागतो. प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी आहे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लिहा. सरपंचांनी, पोलीस पाटलांनी, चार शेतकऱ्यांनी त्या दिवशी हजर राहावे. आखलेला चौकोन, निघालेला माल आणि वजन डोळ्यांनी पाहावे, आणि आकडा वहीत उतरून घेतल्याशिवाय सही करू नये. कापसाची वेचणी दोन-तीन वेळा होते, तेव्हा पहिल्या वेचणीला गर्दी आणि तिसरीला कोणीच नाही, असे होऊ देऊ नका.