रक्तातील पेप्टाइडांची पारख : संख्याशास्त्राची कसोटी

सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मधुमेहाच्या तपासणीसाठी रक्त घेतले जाते, तेव्हा रुग्णाच्या परिचयाचा आकडा साखरेचा असतो. परंतु रक्त, लघवी, लाळ या शरीरद्रवांत प्रथिनेही असतात, आणि रोगाच्या खुणा त्यांच्यावरही उमटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या, साखर जडलेल्या तुकड्यांचा अभ्यास झाला आहे. प्रथिनांच्या अशा लहान तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात.

हे तुकडे ओळखावयाचे कसे? प्रथम ट्रिप्सिन या विकराने प्रथिने ठराविक जागी तोडली जातात. नंतर मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र पेप्टाइडाचे वस्तुमान मोजते, त्याचे आणखी तुकडे करते व त्यांचीही मोजणी नोंदविते. ही नोंद मानवी प्रथिनांच्या ज्ञात यादीशी संगणकाद्वारे ताडून पाहण्यात येते व जुळणीला गुण दिले जातात.

अडचण येथेच आहे. हजारो नोंदी ताडल्या असता काही जुळण्या निव्वळ योगायोगाने होतात, आणि खरी कोणती व खोटी कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. यावर संशोधकांनी एक साधी युक्ती योजिली. यादीतील प्रत्येक प्रथिनाचा अनुक्रम उलटा लिहून एक बनावट यादी तयार करावयाची व दोन्ही याद्या एकत्र तपासावयाच्या. उलटी प्रथिने शरीरात नसतातच. तेव्हा त्यांच्याशी झालेली जुळणी चुकीचीच मानावयाची. ठरविलेल्या गुणांच्या वर खऱ्या यादीत १,००० व बनावट यादीत १० जुळण्या आढळल्या, तर त्या १,००० पैकीही सुमारे १० चुकीच्या असाव्यात, असा अंदाज निघतो. चुकीचे प्रमाण याहून अधिक, म्हणजे १ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर सामान्यतः गुणांची अट कडक करण्यात येते.

पेप्टाइड बरोबर ओळखले, तरी त्यातील फरक रोगाचाच आहे, हेही पारखून घ्यावे लागते. २००२ मध्ये रक्तद्रवाच्या अशाच यांत्रिक मोजणीवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेवारी पुन्हा तपासली. त्यातील फरक रोगामुळे नव्हे, तर नमुने मोजण्याच्या पद्धतीमुळे आलेले असू शकतात, असे त्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले.

खोट्या खुणेवर विसंबून निरोगी स्त्रीवर शस्त्रक्रिया व्हावी, किंवा रोगी स्त्रीने निर्धास्त राहावे, या दोन्ही गोष्टी घातक होत. सोलापूरच्या रुग्णापर्यंत अशी एखादी चाचणी उद्या पोहोचेल, तेव्हा तिच्यामागे यंत्राच्या अचूकतेइतकीच हिशेबाची सचोटीही असावी लागेल.