चुकून लागलं, पण का लागलं?

पुण्यात संध्याकाळी शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर कराटेचे वर्ग भरतात. मुलं हवेत ठोसे मारत असतात तोवर पालक निर्धास्त असतात. पण दोघांची लढत, म्हणजे ‘कुमिते’, सुरू झाली की मनात प्रश्न येतो : चुकून लागलं तर?

हा प्रश्न आपल्याकडच्या वस्तादांनाही पडला होता. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, ती परंपरा आपल्या मर्दानी खेळांची. या खेळांत सरावाला तलवारीऐवजी गदका घेतात, म्हणजे चामड्यानं मढवलेली छडी. बोथाटी म्हणजे तर बोथट टोकाचा भालाच. थोडक्यात, शस्त्रच बोथट करून ठेवलं. कराटेत मात्र शस्त्र म्हणजे स्वतःचे हातपाय. त्यांना बोथट करायचं, तर एकच उपाय, तो म्हणजे ताबा. खेळाडू त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात.

कंट्रोल म्हणजे हळू मारणं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. ठोसा पूर्ण वेगानं जातो, पण चेहऱ्याजवळ येऊन थांबतो. आता गंमत बघा. डोळ्यांनी पाहून हात थांबवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात चांगला ठोसा पोहोचलेला असतो! म्हणजे थांबणं ठोसा निघाल्यावर नव्हे, निघण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. अंतर किती, पाऊल कुठे पडणार, हात कुठवर जाणार, हे आधी ठरतं. त्यात समोरचाही त्याच क्षणी पुढे आला, तर मोजलेलं अंतर चुकतं. बरेचसे ‘अपघात’ असेच घडतात.

म्हणूनच नियम दोघांनाही जबाबदार धरतात. जास्त जोरानं मारणाऱ्याला शिक्षा होते, तशी स्वतःचा बचाव न करता बेफिकीरपणे पुढे घुसणाऱ्यालाही होते. लागल्याचं सोंग करणारा तर सुटतच नाही.

याचं मोठं उदाहरण टोकियो ऑलिंपिकमधलं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला लागली आणि तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद ठरवलं. सुवर्णपदक मिळालं ते स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या खेळाडूला! अनेकांना हा निकाल विचित्र वाटला. पण ज्या खेळात थांबता येणं हेच कसब, तिथे दुसरा निकाल कसा लागणार?

पालकांनी वर्ग निवडताना पदकांच्या कपाटाआधी लढतीचा सराव पाहावा. लहानमोठी, हलकी-वजनदार मुलं एकमेकांसमोर उभी करतात का? कुणाला लागलं, तर शिक्षक सराव लगेच थांबवतात का? की ‘काही होत नाही, ऊठ’ म्हणतात? हेल्मेटमुळे खरचटणं, फुटणं कमी होतं. आत मेंदूला बसणारा हिसका त्यानं थांबत नाही. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, चक्कर आली, डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशी पुन्हा लढत नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. उलटी झाली, गुंगी आली किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय गाठायचं.

आणि ज्याच्या हातून लागलं, त्या मुलाला नुसतं रागावून सोडू नये. अंतर कुठे चुकलं, हे त्याला तिथेच दाखवावं. पुढच्या वेळी त्याचा हात थांबेल, तो त्यामुळेच.