आपली बॅग आपल्याच हाती

कुणा मैत्रिणीला विचारून बघा, 'येतेस का आमच्याबरोबर सहलीला?' पहिलं उत्तर येतं, 'घरी विचारून सांगते.' दुसरं येतं, 'गुडघे कुरकुर करतात गं हल्ली.' आणि तिसरं असतं ते मनातल्या मनात. 'माझी बॅग कोण उचलणार?' आजवर ती नवऱ्याने उचलली, मुलाने उचलली, नाहीतर हमालाने. नुसत्या बायकांनीच जायचं ठरलं की हा प्रश्न एकदम समोर येऊन उभा राहतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशनांवर ज्यांनी गर्दीच्या वेळी पूल चढले-उतरले आहेत, त्यांना तो जास्त समजावून सांगायला नको.

आमचा गट दहा जणींचा. ठाण्याच्या तिघी, कल्याणच्या दोघी आणि आम्ही पाच डोंबिवलीकर. वयं अडतीसपासून सहासष्टपर्यंत. बचत गट, वाचनालय, हळदीकुंकू यातून जमलेली ही मंडळी. जंगल बघायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. जानेवारी २०२४ मध्ये ते जमलं. ताडोबा आणि पुढे मेळघाट-चिखलदरा, असा सहा दिवसांचा बेत ठरला.

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात. १९५५ साली झालेलं हे आपल्या राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. मेळघाट अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा जे पहिले नऊ प्रकल्प निवडले गेले, त्यातला हा एक. दोन्ही विदर्भातच, पण हवा मात्र एकदम वेगळी. चंद्रपूरकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. म्हणजे सकाळी कुडकुडायचं आणि दुपारी घाम पुसायचा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंच. तिथली थंडी आणखी बोचरी आणि सोबतीला धुकं. आपण खाडीकाठची माणसं. आपल्याकडे कपाटात खरीखुरी लोकर असतेच कुठे? त्यामुळे पहिल्याच बैठकीत प्रत्येकीची यादी हनुमानाच्या शेपटीसारखी वाढत गेली.

सात किलोची लक्ष्मणरेषा

आमच्यातल्या तिघी नोकरी करणाऱ्या. रजा कमी, म्हणून त्या नागपूरपर्यंत विमानाने येणार होत्या. बाकीच्या कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसने. विमानात आपल्याबरोबर आत नेण्याची बॅग साधारण सात किलोची आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची चालते. रेल्वे मात्र उदार. स्लीपर आणि थ्री टायर एसीत माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. पण मैत्रिणींनो, ते ४० किलो उचलणार कोण? कल्याणला गाडी काही मिनिटंच थांबते. तेवढ्यात सात जणी आणि सात बॅगा आत चढायला हव्यात. म्हणून ठरलं, विमान असो वा गाडी, सगळ्यांना सातच किलो. आणि ज्येष्ठ मंडळींना सहा.

या नियमाने सगळ्यात आधी कुणाचा चेहरा उजळला असेल, तर आमच्यातल्या सहासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा. आम्ही सगळ्या त्यांना 'बाई' म्हणतो. यजमान गेल्यापासून चार वर्षांत त्या मुलाच्या घरापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. गुडघ्यांबरोबर खांदाही दुखरा. 'तुम्ही सगळ्या माझं सामान ओढत बसणार, मग मी कशाला येऊ?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यांना सांगितलं, 'बाई, बॅग भरा, ती घेऊन तुमच्या इमारतीचे दोन मजले चढून बघा. चढता आलं तर यायचं.' त्यांनी तीनदा बॅग भरली आणि तीनदा रिकामी केली. चौथ्यांदा त्या जिना चढल्या.

ही परीक्षा मी सगळ्यांनाच सुचवेन. काट्यावरचं वजन फसवतं, जिना फसवत नाही.

वजन कुठे लपतं?

आम्ही घरोघरच्या वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितल्या. गंमत कळली. चाकांची रिकामी बॅगच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सातातले तीन किलो आपण नुसती हवा घेऊन फिरतो! शिवाय जंगलातल्या निवासाच्या मातीच्या वाटेवर चाकं कुठली फिरायला? कापडी बॅग किंवा पाठीवरची सॅक आठशे ग्रॅमच्या आत बसते. जीनची पँट सहाशे-सातशे ग्रॅम, आणि धुतली की लवकर वाळत नाही. मोठा टर्किश टॉवेल चारशेच्या वर; आपला साधा पंचा दीडशे ग्रॅम. पंचा अंग पुसतो, डोक्याला बांधता येतो, उन्हात खांद्यावर घेता येतो आणि तासाभरात वाळतो. आपल्या आजोबांना हे माहीत होतं, आपण मधेच विसरलो.

तसं बघितलं तर कमी सामानात जाणं आपल्याला नवीन नाही. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या बाया बघा. राहुट्या, भांडीकुंडी दिंडीच्या ट्रकमध्ये असतात हे खरं. पण स्वतःचं म्हणाल तर एक लुगडं अंगावर, एक धुवून वाळत, आणि खांद्याला पिशवी. जवळजवळ तीन आठवडे ऊन-पाऊस झेलत त्या चालतात. सामानामुळे वारी अडली असं कुणी सांगितलेलं नाही.

एकावर एक

दोन हवामानांसाठी दोन बॅगा लागत नाहीत, हे या सहलीत नीटच कळलं. युक्ती एकच, जाड कपडा एक घेण्याऐवजी पातळ कपडे तीन-चार घ्यायचे आणि एकावर एक घालायचे. दोन कपड्यांच्या मधे जी हवा अडकते तीच ऊब देते. आत अंगाबरोबर बसणारा थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, त्यावर पातळ स्वेटर आणि सगळ्यात वर पावसाळ्यातला विंडचीटर. हो, आपला तोच, स्टेशनला जाताना घालतो तो! उघड्या जिप्सीत थंडीपेक्षा वारा जास्त झोंबतो आणि तो अडवायचं काम विंडचीटर उत्तम करतो. ऊन वर आलं की एकेक कपडा कांद्याच्या पापुद्र्यासारखा उतरवत जायचा. चिखलदऱ्याला यावर फक्त एक शाल वाढली. कानटोपी, पायमोजे आणि मोठा सुती स्कार्फ मात्र विसरू नका. धुळीला नाक-तोंड बांधायला स्कार्फच लागतो.

रंग मातकट, खाकी, फिका हिरवा. लालभडक, पांढराशुभ्र नको. अत्तर, सेंटही घरीच ठेवा. जंगलात मिरवायला वाघ आहे, आपण नाही.

आणखी एक. विदर्भातली हिवाळी हवा कोरडी. डोंबिवलीत पावसाळ्यात दोन दिवस ओले राहणारे कपडे मोहर्लीत रात्री धुतले तर दुसऱ्या दुपारपर्यंत खडखडीत. धुक्यातल्या चिखलदऱ्यात मात्र ते वाळत नाहीत. म्हणून आम्ही सगळं धुणं ताडोबातच उरकून घेतलं. या एका हिशेबाने प्रत्येकीचे दोन जोड वाचले.

नवीन काही घ्यायचं नाही

हा आमचा दुसरा नियम, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. आमच्यात एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. पहाटे चारला उठायचं, शंभर-सव्वाशे पोळ्या लाटायच्या. नवऱ्याशिवाय कधी कुठे गेलेल्या नाहीत. सहलीचे पैसे त्यांनी भिशीतून साठवले होते. आमच्या पहिल्या बैठकीतल्या 'जंगल बूट', 'जॅकेट', 'नवी ट्रॉली' या गप्पा ऐकून त्या मला जिन्यात म्हणाल्या, 'ताई, माझं नाव काढून टाका. एवढी खरेदी नाही जमणार.' कुणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. आमची यादीच त्यांना नको म्हणत होती.

मग ठरलं, कुणीच काही विकत घ्यायचं नाही. ज्याच्या घरी जे जास्त आहे ते आणायचं. मुलाच्या ट्रेकचे थर्मल, सासऱ्यांचा मफलर, दिल्लीला राहून आलेल्या वहिनीचे स्वेटर. एका रविवारी माझ्या दिवाणखान्यात ढीग पडला आणि जिला जे हवं ते तिने उचललं. ताई मुलीची कॉलेजची सॅक घेऊन आल्या. वजन केलं तर पावणेपाच किलो! दहा जणींत सगळ्यात हलकी.

बायकांच्या खास गोष्टी

पिशवीत आपण स्वतःचं कमी आणि दुसऱ्यांचं जास्त भरतो. कुणाला लागलं तर म्हणून औषधं, कुणाला भूक लागली तर म्हणून डबे. दहा जणींनी प्रत्येकी दहा जणींचा चिवडा आणला तर काय होईल? म्हणून वाटणी केली. पहिल्या रात्रीच्या दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दोघींकडे, प्रथमोपचार एकीकडे, कात्री-सुई-दोरा गाडीने येणाऱ्या एकीकडे, कारण विमानात कात्री आत नेताना अडवतात. लोणच्याची बरणीही त्यांनी घरीच ठेवली. पॉवर बँक मात्र विमानात नेहमी जवळच्या बॅगेत ठेवायची, सामानात टाकायची नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याने अंगाजवळ ठेवायच्या, चिठ्ठीसकट.

सफारी तीन-चार तासांची असते. वाटेत मनाला येईल तिथे खाली उतरता येत नाही. म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. निघण्यापूर्वी जाऊन यायचं, घोट घोट पाणी प्यायचं, आणि मधे कुठे सोय आहे ते गाइडला मोकळेपणाने विचारायचं. ताडोबात गावातल्या बायकाही गाइडचं काम करतात. आमच्या जिप्सीत तशीच एक जण होती, त्यामुळे विचारणं सोपं गेलं. पाळीचे दिवस असतील तर वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून परत आणायचं. जंगलात काही टाकायचं नाही, साधा गोळीचा कागदसुद्धा नाही.

ओळखपत्र मूळ हवं, आणि बुकिंगला जे दिलं तेच. ताडोबाच्या गाभ्याच्या भागात मोबाइल नेता येत नाही. घरी आधीच सांगून ठेवा, 'सकाळी चार तास फोन लागणार नाही.' नाहीतर इकडे तुम्ही वाघ बघताय आणि तिकडे घरात धावपळ! मंगळवारी हा भाग बंद असतो आणि पावसाळ्यातही, ते बघूनच तारखा ठरवा.

आता कुणाची मुलं परदेशी असतात, कुणी केनियाच्या सफारीचे बेत करतात. तिथेही हाच हिशेब. नैरोबीहून मसाई माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारण पंधरा किलोचीच मुभा असते आणि बॅग मऊ, बिनचाकांची लागते. नैरोबी उंचावर, जुलैतही सकाळी गारठा. खाली मोम्बासाला मुंबईसारखा घाम. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा कपडे कापडी पिशव्यांतच भरा. ताडोबाची बॅग जिला जमली, तिला ही अवघड नाही.

सहा दिवसांची यादी

कापडी बॅग. अंगावरचा एक आणि बॅगेत दोन जोड. रात्रीचा एक कपडा. थर्मल, पातळ स्वेटर, विंडचीटर, शाल. आतले कपडे चार जोड. कानटोपी, स्कार्फ, मोजे दोन. पायात बूट, बॅगेत हलकी चप्पल. पंचा. छोट्या डब्यांत साबण, तेल, क्रीम. औषधं. बॅटरी. पाण्याची बाटली, रिकामी. चिवड्याची एक पुडी. सगळं मिळून सहा किलोच्या आत. पहाटे पांघरायला ब्लँकेट मिळेल का, हे निवासाचं बुकिंग करतानाच विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात.

सगळ्या विचारतात, वाघ दिसला का? दिसला, दुसऱ्या पहाटे, पाणवठ्याकडे जाणारा. पण मला त्याच्याइतकंच आठवतं ते अमरावती स्टेशन. परतीच्या गाडीला गर्दी होती. एक भला तरुण बाईंना म्हणाला, 'आजी, द्या, मी चढवतो बॅग.' बाई म्हणाल्या, 'नको रे बाळा, हलकी आहे,' आणि स्वतःच चढल्या. आता मार्चमध्ये कोकणात जायचं त्याच ठरवताहेत. तुमच्या गटात अशी एखादी 'नको गं, मला कशाला नेता' म्हणणारी असेल, तर तिला आग्रह करत बसू नका. तिच्या घरी जा, तिच्याबरोबर बसून बॅग भरा आणि निम्मी रिकामी करा.