चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

सन २००९ च्या मार्च महिन्यात हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीज या कंपनीने घडविलेला ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ हा व्हिडिओ गेम सोनी कंपनीने प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी बाजारात आणला. संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. किंमत अवघी ४९९ रुपये. यंत्र असे की, त्याचे जगभर पंधरा कोटींहून अधिक नग खपले. आणि नायक असा की, त्याची ओळख भारतीय मुलाला करून देण्याची गरजच नाही. एवढे सारे अनुकूल असूनही जाणकारांनी त्या गेमची कारागिरी कच्ची ठरविली, आणि आज त्याचे नाव निघते ते केवळ ‘पहिला’ म्हणून. यंत्र घरात असलेला माणूस पुढचा गेम का घेतो, आणि कोणता घेतो, हा प्रश्न या उदाहरणातून उभा राहतो. वरवर तो पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्या घरात हे यंत्र आले आहे, त्या घरच्या कर्त्या माणसाला तो तसा वाटणार नाही.

या व्यापाराचे मर्म एका म्हणीत सांगता येईल : चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. कन्सोल बनविणाऱ्या कंपन्या यंत्रावर फारसा नफा धरीत नाहीत. प्रसंगी तोटाही सोसतात. २००६ साली आलेले प्लेस्टेशन ३ प्रारंभी असेच उत्पादनखर्चाहून कमी किमतीत विकले गेले. हा तोटा भरून निघतो तो गेमच्या विक्रीतून. कारण गेम दुसऱ्या कोणी तयार केला तरी प्रत्येक विक्रीमागे यंत्राच्या मालकाला वाटा द्यावा लागतो. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तो ४९,९९० रुपयांना. आणि त्याच्या मोठ्या नव्या गेमची किंमत होती ४,९९९ रुपये. म्हणजे दहा गेम घेतले की दुसऱ्या यंत्राचे पैसे झाले! यंत्र घेतले त्या दिवशी खरेदी संपली असे गिऱ्हाईक समजते. दुकानदाराच्या लेखी ती त्या दिवशी सुरू होते.

हा प्रकार आपल्याला अगदीच नवा आहे असे नव्हे. एके काळी ज्याच्या घरी फोनो आला, त्याच्या घरी मागोमाग तबकड्याही येऊ लागल्या. ‘एवढे महागाचे यंत्र धूळ खात का ठेवावे?’ हा विचार तेव्हाही होता. परंतु फोनोच्या मालकाला जे मोह नव्हते, ते आज मुद्दाम निर्माण केले जातात. फुटबॉलचा एकच गेम दर वर्षी नव्या खेळाडूंच्या नावांनिशी पुन्हा विकला जातो. मित्रमंडळी नव्या आवृत्तीकडे वळली की जुनीवाला एकटा पडतो आणि निमूटपणे पैसे मोजतो. गेममधील पराक्रमाबद्दल यंत्रातच पदके मिळतात. एका गेमची पदके संपली की दुसऱ्याची खुणावू लागतात. आणि सणासुदीला निम्म्या किमतीचे सेल लागले की, पुढे कधी तरी खेळू म्हणून घेतलेल्या गेमचा न उघडलेला साठा वाढत जातो. यात खेळण्याची ओढ किती आणि संग्रहाची हाव किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

मग हैदराबादचा हनुमान मागे का पडला? तेव्हा आपल्या शहरांत चोरट्या नकलांचा सुळसुळाट होता, हे एक कारण सांगता येईल. त्याच सुमारास अमेरिकेतील राजन झेद यांनी, देवतेला खेळणाऱ्याच्या हातातील कळीवर नाचविणे हा देवतेचा अवमान आहे, असा आक्षेप घेऊन तो गेम मागे घेण्याची मागणी केली. झेद यांच्या भावनेचा आदर राखूनही आमचे मत वेगळे आहे. ज्या कोकण-गोमंतकात दशावतारी मंडळींचे राम, कृष्ण आणि हनुमान जत्रेच्या रात्री रंगमंचावर उतरतात, तेथे देवाने खेळात येण्याचे कोणाला वावडे नाही. कथा तर प्रेक्षकाला आधीच पाठ असते. तरी तो पहाटेपर्यंत बसतो, तो ऐन वेळी सुचणाऱ्या संवादांसाठी आणि नटाच्या तयारीसाठी. भक्ती माणसाला मांडवापर्यंत आणते. बसवून ठेवते ती कला. हनुमानाचे नाव घेतल्याने पहिली तबकडी खपेल, दुसरी नाही.

याहून गंभीर गोष्ट मालकीची आहे. तबकडीवरचा गेम मित्राला देता येई, जुना म्हणून विकता येई. आता बहुतेक खरेदी तारेवरून होते, आणि हाती येतो तो केवळ वापराचा परवाना. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. ज्यांनी रोख पैसे मोजले होते, त्यांच्या हाती निरुपयोगी तबकडी उरली. असा माल विकताना तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी केला व तो २०२५ पासून अमलात आणला. आपल्याकडे २०२५ साली पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तो योग्यच. परंतु जो गेम जुगार नाही, त्याच्या ग्राहकालाही संरक्षण हवे, याचा विचार सरकारने करावयास हवा.

तेलंगणा सरकारने २०१६ साली ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण आखले. हैदराबादेत या धंद्याचे कसबी तरुणही आहेत. त्यांनी पहिल्या प्रयत्नाचा धडा विसरू नये : स्वदेशी असणे हे निकृष्ट असण्याची सबब होऊ शकत नाही. आणि पालकांना आमची एवढीच सूचना की, यंत्र घेण्यापूर्वी त्याच्या किमतीबरोबर दोन वर्षांच्या गेमचाही हिशेब मांडावा, आणि हातचा गेम पुरा झाल्याखेरीज नवा घेऊ नये. मुलाला खेळू द्यावे. परंतु दुकानदाराने आपल्याशी खेळू नये, याची काळजी मोठ्यांनीच घ्यावयाची आहे.