साइट चालते, पण सीएसएस कुठंय?

रात्री साडेअकराला कन्नडहून मैत्रिणीचा फोन. "अगं, सगळं गेलं! उद्या प्रेझेंटेशन आहे आणि साइट बघ कशी दिसतेय!"

लिंक उघडली. पांढरं पान, निळ्या अधोरेखित लिंक्स, एकाखाली एक पडलेले फोटो. तालुक्यातल्याच पितळखोरा लेण्यांची माहिती देणारी ही साइट. संध्याकाळी लॅपटॉपवर इतकी देखणी दिसत होती की आजीनंही विचारलं होतं, "हे तू केलंस?"

तिचं पुढचं वाक्य मला जास्त टोचलं. "मोठ्या कॉलेजातल्या पोरांना जमतं गं हे. आपलं काम नाही."

फ्रेंड्स, तिचं डिझाइन चुकलं नव्हतं. राहिली होती फक्त सेटिंग, आणि पहिल्यांदा साइट सर्व्हरवर चढवणाऱ्या भल्याभल्यांना ती चकवते.

तिचं फ्रेमवर्क होतं जँगो. आम्हा पत्रकारितेच्या पोरांना भारी वाटावं असं त्याचं मूळ आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली. बातमीच्या डेडलाइनमध्ये वेब पानं उभी करायची, ही गरज होती. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

आता गोम ऐका. लॅपटॉपवर काम करताना 'डीबग' ही सेटिंग चालू असते. तेव्हा जँगोचा सरावाचा सर्व्हर सीएसएसच्या फाइली स्वतःच शोधून ब्राउझरला देतो. साइट लोकांसाठी खुली करताना डीबग बंद करावंच लागतं, नाहीतर एरर आली की आतली माहिती परक्याला दिसते. पण ते बंद केलं, की जँगो सीएसएस वाढायचं काम सोडून देतो. ते काम तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यायचं असतं.

लग्नघर आठवा. भांडी शेजारच्या पाच घरांत विखुरलेली असतात. पंगत बसण्याआधी ती एका जागी आणावी लागतात. इथंही तसंच. प्रत्येक ॲपच्या 'स्टॅटिक' फोल्डरमध्ये फाइली असतात. याशिवाय एखादा सामायिक फोल्डर असेल, तर त्याचा पत्ता 'स्टॅटिकफाइल्स डर्स'मध्ये लिहायचा. सगळं कुठं गोळा करायचं, ती जागा म्हणजे 'स्टॅटिक रूट'. आणि गोळा करणारी कमांड 'कलेक्टस्टॅटिक'. मैत्रिणीनं ही कमांड चालवलीच नव्हती.

गोळा झालं, आता वाढणार कोण? एनजिनएक्ससारखा सर्व्हर, किंवा छोट्या प्रोजेक्टला 'व्हाइटनॉइझ' हे पॅकेज पुरतं. सेटिंगमध्ये मिडलवेअरच्या यादीत त्याला सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली बसवायचं.

साडेबाराला रंग परत आले. पण तिनं हेडरचा रंग बदलला, तर फोनवर जुनाच दिसेना का! ब्राउझरनं जुनी फाइल जपून ठेवली होती. यावर उपाय आहे 'मॅनिफेस्ट' स्टोरेज. भांड्यावर नाव कोरतात ना, तसं हे फाइलच्या नावात एक खूण घालतं. आतला मजकूर बदलला की खूणही बदलते, आणि ब्राउझर मुकाट्यानं नवी फाइल आणतो. म्हणूनच टेम्प्लेटमध्ये फाइलचा पत्ता हातानं लिहू नका, 'स्टॅटिक' टॅग वापरा.

एवढं करून एक फोटो अडलाच. सीएसएसमध्ये नाव स्मॉल अक्षरांत, फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोजला ते चालतं, सर्व्हरवरच्या लिनक्सला नाही. पण मॅनिफेस्ट असल्यामुळं ही चूक कलेक्टस्टॅटिक चालवतानाच एरर होऊन समोर आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "ही सीएसएस येते कुठून?" तिनं फळ्यावर फोल्डरपासून फोनपर्यंतचा अख्खा रस्ता काढून दाखवला.

संध्याकाळी परत फोन. "अगं, मागच्या बाकावरच्या दोघांची साइटपण पांढरीच दिसत होती. मी करून दिली."

'आपलं काम नाही' हे वाक्य त्या दिवशी तिनं उच्चारलंही नाही.